शासन निर्णयात आणखी एकच वाक्य हवे

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा परवाना

महोदय,
स. न. वि. वि.

मराठी विकिपीडिया, विकिस्रोत (मुक्त ग्रंथालय) आणि विकिडेटा (मुक्त माहितीसाठा) यांवर फावल्या वेळात काम करणाऱ्या मुंबईकरांचे हे पत्र आहे. आम्हाला अनुदान नको, जागा नको, उद्घाटनाला कोणी यायलाही नको. राज्याच्या पैशातून झालेल्या संशोधनावर, ते इतरांना कसे वापरता येईल हे सांगणाऱ्या परवान्याची एक ओळ हवी आहे.

समजा, ठाणे खाडीतल्या कांदळवनावर कोणी प्रबंध लिहिला आणि त्यात तिवरांच्या श्वसनमुळांची सुरेख आकृती आहे. प्रबंध नियमाप्रमाणे शोधगंगा या देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो, घरबसल्या वाचता येतो. मग तो मुक्तच झाला की, असे कोणालाही वाटेल. पण शोधगंगेच्या परवान्यात ‘व्यापारी वापर नको’ ही अट आहे आणि विकिपीडियाला चित्रे पुरवणारे विकिमीडिया कॉमन्स हे भांडार अशी चित्रे घेत नाही. तिथले चित्र गिरगावातल्या प्रकाशकाला विक्रीच्या पुस्तकातही छापता आले पाहिजे, हा त्या प्रकल्पाचा पायाच आहे. तेव्हा आकृती प्रबंधात राहते आणि मराठी लेख चित्राविना.

तीच आकृती नियतकालिकात गेली, तर गाठ आणखी घट्ट बसते. संशोधकाने प्रताधिकार प्रकाशकाला लिहून दिला की स्वतःचेच चित्र द्यायची सोय उरत नाही. यावर उपाय आहे, पण तो सही करण्यापूर्वी करावा लागतो. आकृत्या आणि आकडेवारी आधी झेनोडो या ऑनलाइन भांडारात क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देशन ४.० परवान्याखाली (श्रेय देऊन कोणीही वापरावे) ठेवायची. युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ साली सुरू केलेले हे भांडार ५० जीबीपर्यंतचा संच फुकट ठेवते आणि लगेच डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक देते. पेपरात तो क्रमांक द्यायचा. नियतकालिकाचे धोरण अगोदर वाचून घ्यावे हे खरेच, पण किती मार्गदर्शक हे विद्यार्थ्याला सांगतात?

परवानगीची पत्रेही अशीच वाया जातात. ‘विकिपीडियासाठी वापरण्यास हरकत नाही’ असे प्रेमाने लिहिलेले पत्र कॉमन्सवर चालत नाही, कारण परवानगी सगळ्यांसाठी हवी. खासगी जीमेलवरून आलेले पत्रही अडते. संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून, फाइलचा दुवा देऊन, परवान्याचे नाव आवृत्ती क्रमांकासह लिहून आणि ‘प्रताधिकार आमच्याकडे आहे’ असे स्पष्ट म्हणून पाठवले, तर काम होते. चार ओळींचा नमुना प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवता येईल.

आता फाइलींबद्दल. जुने मराठी प्रबंध बहुधा स्कॅन केलेली चित्रे असतात, नाहीतर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले. दुसऱ्या प्रकारात पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की अगम्य चिन्हांची माळ उमटते. शोधयंत्रालाही तीच माळ दिसते, म्हणून प्रबंध सापडतच नाही. स्कॅनमधून ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारी प्रणाली) मजकूर काढते, पण ‘घ’चा ‘ध’ करते, ‘भ’चा ‘म’ करते, अनुस्वार गाळते आणि ‘ऱ्या’पाशी हमखास अडखळते. विकिस्रोतावर असे एकेक पान एक जण तपासतो, ते पिवळे होते. दुसऱ्याने पडताळले की हिरवे. हे काम आम्ही आनंदाने करू, पण परवाना असेल तरच. शासकीय प्रकाशनाचा प्रताधिकार ६० वर्षे टिकतो; १९८० साली छापलेले पुस्तक २०४१ उजाडल्यावर मोकळे होईल.

परिभाषा कोशांचे दुखणे वेगळे. विद्यार्थ्याला एका पुस्तकात ‘परासरण’ भेटते, दुसऱ्यात ‘तर्षण’. दोन्ही म्हणजे ‘ऑस्मॉसिस’च, हे त्याला सांगणार कोण? विकिडेटावर दोन्ही शब्द एकाच नोंदीखाली, आधारासह बसवता येतात आणि तिथून कोणत्याही अ‍ॅपला मिळतात. मात्र विकिडेटा फक्त सीसी-शून्य (कोणतीही अट नसलेला परवाना) चालवून घेतो, म्हणून कोशांच्या शब्दयाद्यांना श्रेयनिर्देशनाचा परवानाही पुरणार नाही. शिवाय यादी पीडीएफ नको, साधा तक्ता हवा : इंग्रजी शब्द, मराठी शब्द, विषय, कोश, पृष्ठ. हे कोश काढणारे भाषा संचालनालय आपल्या खात्यात नाही, हे ठाऊक आहे. म्हणून पत्राची प्रत मराठी भाषा विभागालाही देत आहोत.

मराठी पंधरवड्यातल्या कार्यशाळांविषयी थोडे. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, विकिपीडियावर दिवसाला सहाच नवी खाती उघडतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साठ मुले बसवली की सातव्यापासून सगळी खोळंबतात. सवलत मिळते, पण आधी मागावी लागते. त्यात ‘किती शब्द लिहिले’ यावर गुण ठेवले की मुले कुठून तरी उतरवतात आणि रात्री ते लेख उडतात. पंधराच मुले घ्या आणि प्रत्येकाला एका लेखात तीन पक्के संदर्भ जोडायला सांगा.

संदर्भ जोडायचे तर पेपर वाचता आला पाहिजे. संशोधन नियतकालिके वाचायला देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता ६,००० कोटी मंजूर केले. सरकारी संस्थांतल्या वाचकांची सोय झाली, चांगलेच झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक किंवा निवृत्त अभियंता मात्र कुंपणाबाहेरच आहे, आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक बरेचसे तेच असतात. लेखकाची स्वीकृत (छापण्यासाठी मान्य झालेली) प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवायला बरेच प्रकाशक काही महिन्यांनी मुभा देतात. ती ठेवणे राज्याच्या निधीसाठी सक्तीचे करावे. खर्च जवळजवळ शून्य.

‘सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक… असा आहे’ हे वाक्य प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी असतेच. संशोधन निधीच्या प्रत्येक मंजुरी आदेशात पुढील वाक्य घालावे, ही विनंती :

‘या निधीतून तयार होणारे अहवाल, आकृत्या व आकडेवारी युनिकोड मजकुरासह, क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देशन ४.० परवान्याखाली, प्रकल्प संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सार्वजनिक भांडारात ठेवणे बंधनकारक राहील.’

आपले,
मराठी विकिप्रकल्पांवरील काही स्वयंसेवक, मुंबई

प्रत माहितीसाठी : मराठी भाषा विभाग, मंत्रालय