अवजारे बँकेला एक वही पुरत नाही

मा. संपादक,

अवजारे बँका म्हणजे शेतकऱ्यांना शेतीची अवजारे भाड्याने देणारी गटांची केंद्रे. त्यांच्या बातम्या येतात त्या बहुतेक अनुदानाच्या. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. मराठवाडा-विदर्भातल्या अनेक शेतकरी गटांना पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पातूनही अवजारे मिळाली. पण ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पेरणी यंत्र), मळणी यंत्र दारात आले की रोजचा प्रश्न वेगळाच असतो. कोणाला, कधी आणि कशासकट द्यायचे? नोंदणीच्या या बाजूकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

बहुतेक ठिकाणी एकच वही असते. नाव, तारीख, अवजार, रक्कम. ‘पाटील, सोमवार, रोटाव्हेटर’ एवढ्या नोंदीवरून काहीच कळत नाही. क्षेत्र किती, गट नंबर कोणता, शेतापर्यंत ट्रॅक्टर जातो का, ट्रॅक्टर त्यांचा की बँकेचा, हे सगळे आदल्या रात्री फोनवर विचारत बसावे लागते. त्याऐवजी प्रत्येक कामाचा एक तयार नमुना ठेवावा. जे बदलत नाही ते त्यात आधीच छापलेले असावे आणि शेतकऱ्याने सांगायचे पाच-सहा रकाने तेवढे मोकळे असावेत.

नमुना कामाचा हवा, अवजाराचा नको. ‘बीबीएफ : सोयाबीन पेरणी’ आणि ‘बीबीएफ : हरभरा पेरणी’ हे दोन वेगळे कागद, कारण बियाणे मोजून सोडणाऱ्या चकत्या वेगळ्या. सोयाबीनच्या नमुन्यावर ट्रॅक्टर, चालक, पेरणी यंत्र, सोयाबीनच्या चकत्या, दोन ओळींत ४५ सेंमी, बियाणे ३ ते ५ सेंमी खोल आणि एकरी भाडे छापलेले. शेतकऱ्याकडून घ्यायचे ते नाव-मोबाइल, गट नंबर, एकर-गुंठे, जमीन हलकी-मध्यम-भारी, रस्ता आणि खत कोणते. खत विचारायचे कारण साधे आहे. ओलसर, गाठी झालेले खत नळीत अडकते आणि ओळच्या ओळ खताविना जाते. असा नमुना निवडला की संपूर्ण संच एकदम राखून ठेवला जातो. नाहीतर रोटाव्हेटर शेडमध्ये मोकळा, पण ट्रॅक्टर ट्रॉलीला जुंपून बाजारात गेलेला, हा प्रकार ठरलेला.

पेरणीच्या नमुन्यात तारखेचा रकाना ठेवूच नये. ७५ ते १०० मिमी पाऊस आणि वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय पेरणी करू नये असा सल्ला असतो. मग १५ जूनची तारीख देण्यात अर्थ काय? एक सर आली की सगळ्या तारखा कोसळतात आणि ज्याचा दिवस पावसात गेला तो भांडायला येतो. तारखेऐवजी क्रमांक आणि शिवार लिहावे. हलक्या रानात वाफसा आधी येतो, काळ्या भारी रानात उशिरा, म्हणून जमिनीचा रकाना पाहून त्या-त्या शिवारातली हलकी राने क्रमाने आधी उरकावीत. बोलावल्यावर ज्याचे बियाणे तयार नाही तो दोन क्रमांक मागे जाईल, शेवटी नाही, हा नियम नमुन्यावरच छापावा. तोंडी नियम ऐन गर्दीत कोणी मानत नाही. नांगरट, रोटाव्हेटर, ट्रॉली यांना मात्र तारीख चालते.

मळणी यंत्राच्या नमुन्यात एक खूण फार मोलाची: ‘विक्रीसाठी’ की ‘बियाण्यासाठी’. सोयाबीनचे साल पातळ असते. बियाण्याचा माल १३-१४ टक्के ओलाव्याला आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवून काढावा लागतो. चालकाला हे आधी कळले नाही तर तो नेहमीच्या वेगाने यंत्र चालवतो, दाणे फुटून डाळ होते, न फुटलेल्या दाण्यालाही आतून मार बसतो आणि नुकसान दिसते ते पुढच्या जूनमध्ये, उगवण होत नाही तेव्हा. वेग कमी म्हणजे तासाला माल कमी. म्हणून बियाण्याच्या मळणीचा दरही वेगळा छापलेला बरा.

फवारणी पंपाच्या नमुन्यात परतीचा रकाना हवा: शेवटचे औषध कोणते आणि टाकी, नळी, नोझल तीनदा धुतले का. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कपाशीत गेला तर पाने आवळून पंजासारखी होतात. खरे तर तणनाशकाचा पंप लाल पट्टा मारून कायमचा वेगळा ठेवावा. तासावर भाडे असेल तर घड्याळाचा तास की मीटरचा, तेही लिहावे. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो; कमी रेसवर काम झाले तर घड्याळी तासाला मीटरवर तास भरत नाही आणि हिशेबाला दोघेही खरे ठरतात!

गटाच्या सभागृहाचा नमुना सोपा. त्यात खुर्च्या, माइक, प्रोजेक्टर, त्याची केबल, एक्स्टेन्शन बोर्ड एकाच कागदावर घ्यावे, मागेपुढे अर्धा तास झाडलोटीला धरावा आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हे छापून टाकावे.

हे सगळे अर्ध्या पानाच्या छापील कागदावर चालते. मोबाइलवर करायचे तर गूगल फॉर्मची आधी भरलेली लिंक प्रत्येक कामासाठी एकेक काढून ठेवता येते. मात्र फॉर्म दुबार नोंद अडवत नाही. फॉर्मच्या नोंदी जमा होतात त्या शीटमध्ये काउंटइफ्स हे मोजणीचे सूत्र वापरून तोच संच आणि तीच तारीख दोनदा आली की ओळ लाल होईल असे करावे, आणि व्यवस्थापकाचा ‘पक्के’ असा निरोप आल्याशिवाय नोंद धरू नये. साधा फोन असलेल्यांसाठी तोच नमुना फोनवर वाचून भरावा.

गेल्या वर्षीची भरलेली नोंद कॉपी करून नाव बदलणे हा घातक शॉर्टकट आहे. जुना गट नंबर, जुना दर तसाच राहतो आणि ट्रॅक्टर भलत्याच बांधावर जाऊन उभा राहतो. कोरी मूळ प्रत एकाकडेच असावी आणि प्रत्येक नमुन्यावर ‘दर अमुक तारखेपासून लागू’ असे असावे, कारण डिझेलचे भाव हलतात आणि जुने कागद गावात फिरत राहतात.

कृषी विभागाने तालुकावार पीकपद्धती पाहून असे पाच-सहा नमुने मराठीत तयार करावेत आणि मे महिन्यातल्या खरीपपूर्व बैठकांत सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांमार्फत (पूर्वीचे कृषी सहायक) प्रत्येक बँकेला द्यावेत, ही विनंती. दराचा रकाना तेवढा कोरा ठेवावा. तो ज्या-त्या गटाने ठरवायचा.

– अवजारे बँकेचा एक व्यवस्थापक, जि. लातूर