आर/टी सांगून विकलेल्या १९६९ च्या डॉज चार्जरबद्दल तक्रार

नमस्कार मॅनेजर साहेब,

गाडी घेताना आपलं सगळं बोलणं फोनवर मराठीतच झालं म्हणून पत्र पण मराठीतच लिहितोय, इंग्लिशमधलं वकिलाकडून वेगळं येईल. तुमच्याकडून ७४,००० डॉलरला घेतलेली १९६९ ची डॉज चार्जर आर/टी, म्हणजे चार्जरची जास्त ताकदीची 'रोड/ट्रॅक' आवृत्ती, नाहीये. जाहिरातीत आणि बिलावर दोन्हीकडे तुम्ही लिहिलंय, ओरिजिनल आर/टी, नंबर्स मॅचिंग (म्हणजे कारखान्यातून याच गाडीत बसवलेलं) ४४० मॅग्नम इंजिन.

गाडी ओहायोला माझ्या दारात ट्रेलरवरून उतरली तेव्हा आधी पुढच्या काचेतून डॅशबोर्डवरची गाडीच्या नंबरची (व्हीआयएनची) पट्टी वाचली आणि डोकंच फिरलं. नंबर सुरू होतो एक्सपी२९जी ने. त्या वर्षीच्या आर/टीचा एक्सएस२९ ने सुरू होतो, या गाड्यांचा धंदा करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. पी म्हणजे साधी चार्जर, जी म्हणजे कारखान्यातून ३८३ क्युबिक इंचाचं, टू बॅरल कार्ब्युरेटरचं इंजिन, २९० हॉर्सपॉवर. आर/टीमध्ये ६९ ला ३७५ हॉर्सपॉवरचं ४४० नाहीतर ४२६ हेमी, तिसरं इंजिन मिळतच नव्हतं. सातवं अक्षर बी आहे, म्हणजे हॅमट्रॅमिकच्या कारखान्यातली, तुमच्या जाहिरातीतलं तेवढंच खरं निघालं. आणि फोटोत नेमकी हीच पट्टी ब्लर केलेली, मी विचारलं तर म्हणालात सेफ्टीसाठी सगळेच करतात, पूर्ण नंबर टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, बघा, आणि टायटल पाठवलंत पैसे जमा झाल्यावर.

इंजिन ४४० आहे, पण ब्लॉकवर ओतकामाची तारीख ७२ सालची. ६९ च्या गाडीत ७२ चा ब्लॉक कारखान्यातून कसा येईल? गाडीच्या नंबरचे शेवटचे आकडे ब्लॉकवर असायला पाहिजेत तिथे दुसरेच आहेत, म्हणजे नंबर्स मॅचिंग पण खोटं.

बॉडीचं तर बोलायलाच नको. मागच्या चाकामागे पत्र्यावर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं, वर नीट चिकटतं आणि खाली हातभर पट्ट्यात सरळ घसरून पडतं, सगळी पुट्टी. डिकीतली मॅट उचलली तर खाली काळं अंडरकोटिंग जाड थापलेलं, मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आत गेला, भोकातून खालची फरशी दिसत होती. "रस्ट फ्री" हे पण तुमचेच शब्द.

साधी चार्जर म्हणून विकली असती तर साध्या चार्जरची किंमत देऊन आनंदाने घेतली असती, ती काही कमी गाडी नाही, मधे दुभागलेली ती ग्रिल मी कॉलेजपासून पोस्टरवर बघत आलोय. पण बिल्ले आणि शेपटीवरचे पट्टे चिकटवून तिला भलतीच गाडी बनवायची आणि वरचे पैसे घ्यायचे ही सरळ फसवणूक आहे. फोनवर तुमचा माणूस म्हणतो करारात "अ‍ॅज इज", म्हणजे आहे तशी घ्या, नंतर तक्रार नाही, असं लिहिलंय. लिहिलंय ना, पण त्याच बिलावर आर/टी पण तुम्हीच लिहिलंय, आणि लेखी दिलेलं वर्णन त्या दोन शब्दांनी पुसलं जात नाही.

मला पूर्ण पैसे आणि दोन्ही बाजूंचं ट्रान्सपोर्ट पाहिजे, गाडी तुम्ही उचलून न्या. फरक परत देतो वगैरे ऑफर नको. पट्टीचे, ब्लॉकचे, डिकीचे फोटो आणि मेकॅनिकचा रिपोर्ट सोबत जोडलाय. या महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर हीच फाइल तुमच्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे जाईल. आणि गाडी परत आली की पुढच्या जाहिरातीत पट्टीचा फोटो स्पष्ट टाका, आर/टी शब्द काढा, ही अट मी सेटलमेंटमध्ये लिहून घेणार आहे.

आपला,
एक ग्राहक