बेल एअर भारी की प्लिमथ?

मा. संपादक,

जुन्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की सगळे १९५७ च्या शेवरले बेल एअरचंच कौतुक करतात, आणि गाडी देखणी आहेच, मागच्या डाव्या पंखाची (पत्र्याच्या टेलफिनची) क्रोमपट्टी उघडली की आत पेट्रोलचं झाकण, काय डोकं लावलंय! पण त्याच सालची प्लिमथ बघा की, पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन धक्के झेलणारे पोलादी दांडे, त्यामुळं वळणावर गाडी कमी कलते, ऑटोमॅटिकवालीत तर गिअर बटण दाबून पडायचे. पत्रा लवकर गंजायचा, हे मान्य. तरी माझं मत प्लिमथलाच. आणि आपल्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनंच कुर्ल्यात प्लिमथ गाड्या जोडल्या, हे इथल्या पोरांना कुणी सांगतच नाही, तुम्ही एकदा सविस्तर छापा ना.

– एक वाचक, सोलापूर