आईच्या पावसाळ्यासाठी

पोर्टलंड, ओरेगॉन

ती. स्व. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मिरग जवळ आला. एकदा पाऊस लागला की वाडीतली वर्दळ थांबते, आईचं भजनाला जाणं बंद होतं आणि गणपतीपर्यंत टीव्हीचीच सोबत उरते. यंदा हे होऊ द्यायचं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यांत माणसांपासून तुटण्याचा वाटा ५ टक्के आणि ऐकू कमी येण्याचा ७ टक्के. आईचे हे दोन्ही एकमेकांत अडकलेत. ऐकू येत नाही म्हणून ती चारचौघींत गप्प, आणि गप्पच बसायचं तर चिखलातून जायचं कशाला?

म्हणून आधी कान. डॉक्टरांकडून मळ काढून घ्या, घरी काडी घालू नका. मग दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. कानाचं मशीन लागलंच तर लगेच भजनाला घालून पाठवू नका. टाळ-मृदंगाचा आवाज अंगावर येतो आणि मशीन कायमचं कपाटात जातं. सुरुवातीला शांत खोलीत, टीव्ही बंद ठेवून, तास-दोन तास. मग हळूहळू वेळ वाढवा, काही आठवडे लागतात. आपल्या दमट हवेत मशीन ओल धरतं. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला.

आता फोन. इथे पोर्टलंडला आणि डेट्रॉइटला ७५ वर्षांवरच्या, एकट्या पडलेल्या १८६ जणांवर आय-कनेक्ट नावाचा प्रयोग झाला. एका गटाशी आठवड्यातून ४ वेळा ३० मिनिटं व्हिडिओवर गप्पा, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा १० मिनिटांचा खुशालीचा फोन. ६ महिन्यांनी गप्पावाल्यांचे बुद्धीच्या चाचणीतले गुण सरस होते. प्रयोग लहान आहे, स्मृतिभ्रंश थांबतो असं त्यातून म्हणता येत नाही. पण ‘जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का’ एवढ्यावर आपण थांबतो, ते पुरेसं नाही हे मला पटलंय. सोमवारी आणि गुरुवारी मी करीन, तिकडे संध्याकाळी ७:३० म्हणजे इथे सकाळचे ७. बुधवार आणि रविवार मुंबईकरांनी घ्यावा. प्रत्येक वेळी एक विषय किंवा जुना फोटो: आमसुलं कशी वाळवायची, पूर्वीचा शिमगा कसा असायचा. ‘ओळख बघू हा कोण’ असली परीक्षा कुणी घेऊ नये, माणूस ओशाळतो आणि बोलणं टाळायला लागतो.

तरी आपले फोन मैत्रिणींची जागा घेणार नाहीत. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, साठीत मित्रांना जवळजवळ रोज भेटणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका क्वचित भेटणाऱ्यांपेक्षा १२ टक्के कमी दिसला. नातेवाइकांच्या भेटींचा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा शनिवारचं भजन पावसाळाभर आपल्याच पडवीत ठेवा, लांबच्या मैत्रिणींना रिक्षा पाठवा. पदं आईनेच निवडावीत, टाळही तिच्याच हातात द्या.

एवढं करूनही ती माणसं टाळू लागली तर हट्ट समजू नका. स्मृतिभ्रंशाची सुरुवातही तशी होऊ शकते. बी-१२, थायरॉइड तपासा, उदास आहे का बघा. दोन-चार दिवसांतच भ्रमिष्टासारखी वागली तर त्याच दिवशी दवाखाना, अनेकदा कुठेतरी जंतुसंसर्ग असतो.

ऑडिओमेट्रीचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. मशीनचे पैसे मी पाठवते.

तुमची,
धाकटी