गाठीच्या कर्करोगाचे गणित वेगळे

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील कर्करोगावरील जनुकीय उपचारांचा लेख वाचला. विषय मराठीत आणलात याचा आनंद आहे, पण रक्ताचा आणि गाठीचा कर्करोग एकाच मापाने मोजणे पटले नाही. भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळालेले ‘नेक्सकार१९’, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याचे उपचार, रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे. तोंडाच्या किंवा यकृताच्या घट्ट गाठीत प्रतिकारपेशी शिरतानाच अडखळतात, शिरल्या तरी तिथे निष्प्रभ होतात. म्हणून प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या रेणूंची जनुके थेट गाठीतच पोहोचवण्याचे आणि असे दोन रेणू जोडीने वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. एकाने गाठीची ओळख पटवणाऱ्या पेशी जाग्या करायच्या, दुसऱ्याने कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींना बळ द्यायचे. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झालेल्या, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील ‘टी-व्हेक’ या सुधारित हर्पिस विषाणूत असे एक जनुक आहे. मात्र हे रेणू जपून हाताळावे लागतात. त्यांपैकीच इंटरल्युकिन-१२ हा रेणू शिरेतून दिलेल्या १९९५ च्या एका चाचणीत दोन रुग्ण दगावले होते.

हे लिहिण्याचे कारण घरापाशीचे आहे. आमच्या शेजारच्या काकू तुमच्या लेखाचे कात्रण घेऊन आल्या. काकांच्या तोंडाच्या गाठीची शस्त्रक्रिया मिरजेत ठरली आहे. ती पुढे ढकलून या उपचाराची वाट पाहावी का, असे त्या विचारत होत्या. वाट पाहू नका, असे मी सांगितले. पुढच्या लेखात उपचार कोणत्या कर्करोगासाठी आहे आणि तो मान्य आहे की अजून चाचणीत, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली