मनू, तुझ्या नकाशातल्या लाल पट्ट्याबद्दल

मनू,

परवा तू फोन ठेवलास आणि मला काही झोप लागली नाही. आईला सांगितलं पित्त झालंय, पण तिला काय कळत नाही होय. त्या वाडीवर तू टॅब उघडून आजीला दरडीच्या धोक्याचा नकाशा दाखवलास, तिचं घर बरोब्बर लाल पट्ट्यात आलं, आणि ती म्हणाली, "मग आज रातच्याला आमी निजायचं कुठं?" तुला काही बोलता आलं नाही, उतरून गाडीत बसलीस, आणि आता म्हणतेस की चार वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून काय उपयोग झाला. फोनवर मी नुसतं हं हं करत राहिलो. म्हणून आता मोबाईलवर लिहितोय, काना मात्रा चुकला तर सांभाळून घे, ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय अजून.

तुझं काम मला पूर्ण कळतं असं मी म्हणणार नाही. पण 34 वर्षं मोजणी खात्यात काढली, त्यामुळे वाटतं तेवढं परकेपण नाही. गणपतीत तू अंगणात बसून समजावलं होतंस ना, की सॅटेलाईट वरून लहर सोडतं, ती जमिनीवर आपटून परत जाते, 12 दिवसांनी तेच सॅटेलाईट त्याच जागेवर येऊन परत सोडतं, आणि दोन्हीतला फरक काढला की डोंगर किती हलला ते कळतं. लहर 5.6 सेंटिमीटरची, जाऊन-येऊन धरलं की जमीन 2.8 सेंटिमीटर सरकली की एक पूर्ण फेरा. आणि गंमत म्हणजे मशीनला फक्त फेऱ्याचा उरलेला तुकडा दिसतो, पूर्ण फेरे किती झाले ते आजूबाजूच्या ठिपक्यांवरून मोजत जायचं, आणि एक फेरा चुकला की पुढचं सगळं चुकलं. अनरॅपिंग म्हणालीस बहुतेक.

अगं हे तर आमचंच दुखणं! आमची साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची. एक साखळी झाली की जमिनीत लोखंडी काडी खोचायची, मागचा माणूस ती काढत यायचा, शेवटी काड्या मोजल्या की किती साखळ्या झाल्या ते कळायचं. वरचे आणे आम्ही अगदी डोळ्यात तेल घालून वाचायचो, सव्वाचार की साडेचार यावर वाद, आणि इकडे अख्खी काडीच गवतात पडलेली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून हे झालंय, एका माणसाचा बांध कागदावर 33 फूट सरकला आणि तो कोयता घेऊन आला होता. आण्यांची चूक माफ होते, साखळीची होत नाही. तुला तेव्हा हे सांगितलं नाही कारण आईला तो कोयता माहीत नाही.

अजून एक, मी हिशेब करून बघितला. तुझ्या त्या युरोपच्या सॅटेलाईटचा एक पिक्सल साधारण 5 बाय 20 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर. आमचा गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, तेही 101 चौरस मीटर. म्हणजे तुझा एक ठिपका हा जवळजवळ एक गुंठा झाला! मला इतका आनंद झाला की शेजारच्या भाऊंना जाऊन सांगितलं, त्यांनी विचारलं मग गुंठ्याचा भाव काय चाललाय तिकडं वरती.

तर मुद्दा असा. एका गुंठ्यात माणूस घर बांधतो, गोठा घालतो, परसात दोन शेवगे लावतो आणि वरून भावाशी भांडतो. तुझ्याकडे त्याचा एक ठिपका, एक रंग. यात तुझी चूक नाही, नकाशा असाच असतो. देशभर दरडींचा जो नकाशा केलाय तो एकास 50,000 चा, म्हणजे कागदावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 50 मीटर. पन्नास उंबऱ्यांची वाडी त्यात पेन्सिलीच्या टोकाखाली जाते. तालुक्याचं नियोजन करायला तो ठीक आहे, पण त्यावरून कुणाचं घर राहील आणि कुणाचं जाईल हे सांगायला गेलं की फसगत होते. इर्शाळवाडी आठव. 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हतीच, हे सरकारनंच सांगितलं. यादीत नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ लोक काढतात, आपण कितीही म्हटलं तरी काढतात.

आणि उलटंही होतं. जोशीमठला 12 दिवसांत 5.4 सेंटिमीटर जमीन खचली असा सॅटेलाईटचा आकडा 2023 च्या जानेवारीत आला, टीव्हीवर दिवसभर तोच, लोक घाबरले, आणि मग तो रिपोर्ट वेबसाईटवरून काढून घेतला. तू डेहराडूनला होतीस, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आकडा मोजला होता, पण तो ऐकणाऱ्याने पुढं करायचं काय, ते आकड्यासोबत कुणी पाठवलं नव्हतं.

तुझं ते नायसार सॅटेलाईट उडालं तेव्हा आपण फोनवर होतो, आठवतं? संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, तू तिकडं ओरडत होतीस की आता 24 सेंटिमीटरची लहर मिळणार, झाडोऱ्यातून खालची जमीन दिसणार, पानांनी सिग्नल खराब होणार नाही. इकडे आई देवापाशी दिवा लावता लावता म्हणाली, आज तीस जुलै, आज माळीणचा दिवस. 30 जुलै 2014 आणि 30 जुलै 2025. दरडीखाली दीडशेच्या वर माणसं गेली तिथं, आणि बाहेरच्या जगाला कळलं कधी तर सकाळची एसटी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना तेव्हा. मी तेव्हा तुला बोललो नाही, तुझा आनंद घालवायचा नव्हता. पण मनात आलं की 12 दिवसांनी फेरी मारणारं सॅटेलाईट एका रात्रीत सुटणाऱ्या डोंगराला कसं धरणार. हळूहळू सरकणारा उतार ते दाखवेल, कुठं लक्ष ठेवायचं ते दाखवेल. त्या रात्री जागं मात्र खालच्या माणसालाच राहावं लागणार.

आता खरं जे सांगायचं ते. आमच्या मोजणीत एक पद्धत होती, तू लहानपणी बघितलीयस. मोजणीची तारीख ठरली की लगतधारकांना, म्हणजे चारी बाजूच्या शेजाऱ्यांना, नोटीस जायची. त्या दिवशी सगळे बांधावर हजर. मी हद्द काढायचो, खुणा दाखवायचो, जबाब घ्यायचो, ज्याला पटलं तो सही करायचा, सही येत नसेल तर अंगठा, ज्याला नाही पटलं तो हरकत लिहून द्यायचा. कितीही वेळ गेला तरी लोकांना हद्दीवरून चालवून आणल्याशिवाय मोजणी पुरी झाली असं आम्ही धरायचो नाही. तुझ्या लाल रेषेवर कुणाचा अंगठा आहे सांग बघू? कुणाला नोटीस गेली? ती आजी तुझी लगतधारक होती मनू, आणि तिला रेषा कळली ती एकदम शेवटी, तयार झाल्यावर.

2005 च्या जुलैत आपल्या महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथं दरडी आल्या तेव्हा तू शाळेत होतीस. नंतर पुनर्वसनाच्या जागेची मोजणी करायला मी जायचो. एका वाडीवर एक म्हातारे होते, त्यांना विचारलं की तुमचं घर कुठं होतं. समोर नुसता लाल चिखल वाळलेला, एक झाड नाही. ते उठले, धोतर खोचलं, आणि चालायला लागले, मोठ्यानं पावलं मोजत. चौदा पावलांवर थांबले आणि म्हणाले हा माझा उंबरा. मी विचारलं कशापासून चौदा, तर म्हणाले आंब्यापासून. आंबा कुठाय, तर तोही गेला. मी जुन्या नकाशावरून साखळी टाकून बघितली, म्हातारा चार-पाच फुटांच्या पलीकडे चुकला नव्हता. आणि मग सहज बोलून गेले की आधीचे आठ दिवस वरचा झरा गढूळ येत होता, गोठ्यामागं भेग पडली होती, त्यात हात जात होता, पण सांगायचं कुणाला.

ती भेग तुझ्या 2.8 सेंटिमीटरपेक्षा मोठी होती गं.

म्हणून म्हणतो, परत जा त्या वाडीवर. टॅब गाडीत ठेव. आजीला म्हण की मला तुमचा डोंगर दाखवा. झरा कुठला, तो गढूळ कधी होतो, कुठली झाडं तिरकी होत चालली, मुरूम कुठं ढिला आणि कातळ कुठं उघडा, रात्री पाऊस वाढला तर कुठल्या वाटेनं उतरता येतं आणि कुठली वाट ओढ्यानं बंद होते. तिला हे सगळं येतं, सांगायला कुणी विचारलेलं नसतं एवढंच. मग तुझी रेषा तिच्यासोबत पायानं चालून बघ. कदाचित घर लाल निघेल आणि खालची शाळा सुरक्षित निघेल, मग रात्री कुठं निजायचं याचं निदान जोरदार पावसाच्या दिवसांपुरतं तरी उत्तर होईल. कदाचित शाळाच वाईट जागी निघेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. पक्कं पुनर्वसन तुझ्या हातात नाही, तो राग स्वतःवर काढू नकोस.

आणि रडलीस त्याचं मला वाईट नाही वाटलं. त्या कोयतेवाल्याच्या बांधावर मी दुसऱ्या दिवशी परत गेलो होतो, एकटा, साखळी घेऊन. त्यानं आधी चहा दिला नाही, दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर दिला.

आपल्या परसात मी पर्जन्यमापक बसवलाय, तू पाठवलेले पैसे त्यातच गेले, आईला सांगितलंस तरी चालेल. रोज सकाळी साडेआठला रीडिंग घेतो आणि जुन्या मोजणीवहीच्या कोऱ्या पानांवर लिहितो, बाटलीतलं पाणी मोजायला मात्र भाऊंना बोलावतो कारण मला रेघा दिसत नाहीत. तसा एक त्या आजीच्या अंगणात बसवता येईल का बघ, शाळेतली पोरं वाचतील. खर्च मी देतो. आज इथं 92 मिलिमीटर झाला, सावित्री अजून काठात आहे.

येताना माझा मोजणीत काटकोन काढायचा जुना शंकू घेऊन ये, गेल्या वेळी मित्रांना दाखवायला नेलास तो.

तुझे बाबा