ताईच्या गोळ्या छोटूला का चालणार नाहीत

सिंहगड रस्ता, पुणे
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या ताईला फिटच्या ज्या गोळ्यांनी गुण आला, त्याच आमच्या छोटूला सुरू केल्या तर?" मी बसमध्ये उभा होतो, नुसतं "नको" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून मनाला चुटपुट लागली आहे. नको म्हणजे का नको, हे तुला नीट कळायला हवं. दोन वर्षांपूर्वी कोणी आम्हाला हे समजावलं असतं तर आमचे चार महिने वाया गेले नसते.

आमची लेक ताई तेव्हा बारावीला होती. विसर्जन मिरवणूक बघायला मैत्रिणींबरोबर लक्ष्मी रस्त्यावर गेली, रात्रभर जागली आणि सकाळी सहाला घरी आली. चहाचा कप उचलला आणि हात असा उडाला की कप थेट भिंतीवर. ही फरशी पुसायला वाकली, तेवढ्यात पुन्हा दोन्ही हात उडाले आणि ताई खाली कोसळली. अंग ताठ, मग झटके, तोंडाला फेस. शेजारचे काका चप्पल हुंगवायला धावले, कोणी कांदा फोडून आणला. मला काहीच सुचलं नव्हतं. आता पाठ आहे, तूही पाठ कर: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सारायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. पाच मिनिटं उलटली तर मात्र थेट दवाखाना.

पहिल्या डॉक्टरांनी कार्बामाझेपिन लिहून दिलं. औषध चांगलंच आहे. मेंदूच्या पेशीच्या आवरणात सोडियम आत सोडणारी बारीक दारं असतात. ती भराभर उघडझाप करू लागली की पेशी सारखी ठिणग्या टाकते. कार्बामाझेपिन आणि जुनं फेनिटॉइन ही दारं थोडी जास्त वेळ बंद धरतात. मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या फिटवर, म्हणजे आधी एकच हात थरथरतो किंवा माणूस भान हरपून नुसतं तोंड चघळत बसतो, तसल्या प्रकारावर ती उत्तम काम करतात.

पण ताईची फिट तसली नव्हतीच. गोळी सुरू झाल्यावर सकाळचे झटके वाढले. ब्रश उडून बेसिनमध्ये पडायचा, एकदा आमटीची वाटी मांडीवर सांडली. आम्हाला वाटलं डोस कमी पडतोय. डोस वाढवला, झटके आणखी वाढले.

चार महिन्यांनी दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून ताईलाच विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का गं? पहिल्यांदा कधी उडाली?" ताई म्हणाली, "दहावीपासून." मी आणि ही एकमेकांकडे बघत राहिलो. दोन वर्षं पोरगी कप फोडत होती आणि आम्ही तिला वेंधळी म्हणत होतो. पहिल्या डॉक्टरांना आम्ही फक्त मोठी फिट सांगितली होती, हे झटके सांगितलेच नव्हते. त्यांना दोष तरी कसा देऊ? मग जागरण करवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढला, त्यात दोन्ही बाजूंना एकदमच लाटा उसळलेल्या दिसल्या. किशोरवयात सुरू होणारा, जागरणाने चेतणारा हा अपस्मार, म्हणजे फिटचा आजार आहे, आणि याच्यात कार्बामाझेपिन हातापायांचे झटके वाढवू शकतं, हे त्यांनी कागदावर मेंदू काढून समजावलं.

अशा फिटवर व्हॅल्प्रोएट फार जोरकस औषध आहे. त्याची गोष्टही मोठी आहे: फ्रान्समध्ये ते आधी दुसरी औषधं विरघळवायला वापरत होते. त्यात काहीही विरघळवलं तरी जनावरांची फिट थांबते, तेव्हा लक्षात आलं की गुण विरघळवणाऱ्या द्रवाचाच आहे. १९६७ साली ते तिकडे बाजारात आलं. पण गरोदरपणात ते घेतलं तर बाळात जन्मजात व्यंग येण्याचा आणि बुद्धीची वाढ मागे पडण्याचा धोका बराच असतो. म्हणून वयात आलेल्या मुलींना शक्यतो देत नाहीत. ताईला लेव्हेटिरासेटाम दिलं. ते सोडियमच्या दारांशी खेळत नाही, पेशी एकमेकींकडे रसायनाच्या ज्या पुड्या सोडतात त्यांच्यावर काम करतं. झटके महिन्याभरात थांबले. चिडचिड मात्र फार झाली. दारं आपटायची, जेवता जेवता रडायची. तो औषधाचाच परिणाम हे आम्हाला आधी सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही तिच्यावर ओरडलो नाही. डोस जुळवल्यावर ती निवळली.

आता छोटूचं. तू सांगितलंस, डॉक्टरांनी त्याला भिंगरी फुंकायला लावली आणि दोन-अडीच मिनिटांत फुंकर मध्येच थांबली, डोळे शून्यात, दहा सेकंदांनी पुन्हा फुंकायला लागला. शाळेतल्या बाईंना ज्याचा राग यायचा, "लक्ष नाही वर्गात", ते हेच. यात मेंदूच्या आतला थॅलॅमस आणि वरचं आवरण यांच्यात एक फेरा सुरू होतो, ईईजीवर सेकंदाला साधारण तीन ठोके दिसतात. तो फेरा कॅल्शियमच्या वेगळ्या दारांवर चालतो आणि इथोसक्सिमाइड नेमकी तीच दारं आवळतं. म्हणून त्याला ते सिरप दिलंय. २०१० साली अमेरिकेत अशाच मुलांवर तीन औषधांची तुलना झाली. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट सारखीच लागू पडली, लॅमोट्रिजिन मागे राहिलं, आणि लक्ष लागण्याच्या बाबतीत इथोसक्सिमाइड व्हॅल्प्रोएटपेक्षा बरं ठरलं. ताईचं लेव्हेटिरासेटाम टक लागण्याच्या फिटवर तितकं भरवशाचं नाही, आणि कार्बामाझेपिन तर तिथेही उलटू शकतं. मेडिकलवाला "फिटची गोळी" म्हणून काहीही पुढे करेल, घेऊ नकोस.

एक मात्र डॉक्टरांना आठवून सांग. पाळण्यात असल्यापासून आजवर छोटूला पूर्ण अंगाची फिट कधी आली होती का? मोठ्या फिटवर इथोसक्सिमाइडचा उपयोग होत नाही, तसं असेल तर त्यांना औषधाचा वेगळा विचार करावा लागेल. वहिनींना विचार, आईला जास्त आठवतं. सिरप जेवणानंतर द्या, पोट कमी दुखेल. आणि गुण दिसला म्हणून मनाने एकदम बंद करू नका, त्यानेच मोठी फिट येऊ शकते. बऱ्याच मुलांची ही टक लागणारी फिट मोठेपणी निघून जाते, पण औषध कधी थांबवायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं.

वर्गातल्या बाईंकडे एक छोटी वही दे. दिवसातून किती वेळा टक लागते त्याच्या नुसत्या रेघा मारायच्या. घरी दिसली तर मोबाइलवर चित्रण करून ठेव. आमच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, कपाचा असा एक व्हिडिओ असता तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

काल गच्चीवर सगळी सोसायटी मसाला दूध घेऊन बसली होती. ताईने दहा वाजता पेला संपवला आणि खाली जाऊन झोपली. सकाळी तिनेच मला चहा आणून दिला, कप काठोकाठ भरलेला.

वहिनींना नमस्कार. डिसेंबरात पुढच्या तपासणीला पुण्यात आणलंस तर आमच्याकडेच उतरा, छोटूसाठी मंडईतून भिंगऱ्या आणून ठेवतो.

तुझाच,
रूमपार्टनर